शेजारणीच्या किनाऱ्यावरची लिफ्ट

११ मार्च, रविवार

ही वही बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दिली. माझी बायको आर्डिस दिवसभरात जे शब्द बोलेल ते यात लिहायचे, म्हणजे त्यांना प्रगती कळते. वहीची पानं मोठी आणि आर्डिसचे शब्द थोडे. कागद वाया जायला नको म्हणून उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार आहे. मी आठवीत शाळा सोडली आणि पुढे तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, तेव्हा चुका असतील. बाईंना वही दाखवताना माझी पानं क्लिपा लावून बंद करीन.

आर्डिसला दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेले आणि बोलणं गेलं. तिला समजतं सगळं, पण तोंडातून एका वेळी एकच शब्द निघतो, फार तर दोन. 'मी' हा शब्द अजून आलेला नाही. बाई म्हणाल्या, तो आला की मला फोन करा.

गेल्या जुलैत तिला आमच्या पाँटून बोटीवर न्यायचा प्रयत्न केला. पाँटून म्हणजे दोन लांब पोकळ पिंपांवर ठेवलेली पडवीच, सपाट आणि कठड्याची. तिची चाकाची खुर्ची सहज आत जाईल असं मला वाटलं होतं. पण पाण्यावरची बोट धक्क्यापासून वीतभर सरकली आणि खुर्चीचं पुढचं चाक त्या फटीत गेलं. माझा जुना मित्र ग्लेन ओडेगार्डने तिला काखेत धरलं म्हणून ती वाचली. दोर मी बांधला होता. तो सैल होता की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तेव्हापासून ती खुर्ची खिडकीकडे पाठ करून लावायला लावते. एवढं मोठं तळं दारात, आणि ती फ्रीजकडे बघत बसते.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मासेमारी सुरू होते. एकेचाळीस वर्षं त्या दिवशी आम्ही दोघं पाण्यावर होतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा चुकलं. या वर्षी बारा मेला आर्डिस बोटीवर असेल. त्यासाठी बोट-लिफ्ट हवी. तळ्याच्या तळावर रोवलेला तो सांगाडा बोट खालून उचलून धरतो, म्हणजे बोट हलत नाही आणि तिची फळी धक्क्याच्या पातळीला येते. हे मी ठरवलं आहे. कसं जमेल ते माहीत नाही.

आजचे शब्द: कॉफी. नाही. एल्रॉय (म्हणजे मी). गरम.

१७ मार्च

हायवेवर वेंडेलच्या दुकानात गेलो. बर्फात लिफ्टांची रांग उभी होती.

वेंडेल म्हणाला, "दोन तऱ्हा आहेत. एक झोक्यासारखी. बोट मागे झुलते आणि वर जाते. ती स्वस्त. दुसरी चार खांबांची, तारांवर सरळ वर जाते. ती महाग."

"बायकोची चाकाची खुर्ची आत ढकलायची आहे."

"मग झोका विसरा. वर जाताना बोट दोन-तीन फूट सरकते, तुमचं दार धक्क्यासमोर राहायचं नाही. सरळ वर जाणारी घ्या, दहा फूट रुंदीची. बोट, इंजिन, पेट्रोल, बॅटरी सगळ्यांचं वजन धरा आणि वर पाचशे पौंड ठेवा. तुम्हाला तीन हजार पौंडांची लागेल. मोटर बसवली की नुसतं बटण दाबायचं."

"मोटर कशाला, माझे हात आहेत," मी म्हणालो. तो माझ्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

लिफ्टवर पाटी होती, माणसं बसलेली असताना बोट उचलू नये. मी विचारलं, "मग लोक काय करतात?"

"लोक काय करतात ते बघायला मी जात नाही," वेंडेल म्हणाला.

मी मनात हिशोब केला. रिकामी बोट आधीच उचलून ठेवायची, खुर्ची आत न्यायची आणि मग हळूहळू खाली सोडायची. खाली सोडणं म्हणजे उचलणं नव्हे. तरी येताना गाडीत सगळा वेळ ती पाटी डोळ्यांसमोर होती.

मोटरशिवाय सहा हजार तीनशे डॉलर. आमच्याकडे यासाठी एकोणीसशे आहेत.

घरी आल्यावर रंगीत कागद आर्डिससमोर पसरले. तिने डावं बोट एका चित्रावर ठेवलं, लिफ्टच्या खांबावरच्या हाताने फिरवायच्या मोठ्या चाकावर. मी कागद उलटला की ती परत तेच चित्र काढायची. मोटर नको, पैसे वाचव, असं तिला सांगायचं असेल. तिला माझी काळजी वाटते.

शब्द: चाक. चाक. हे. सूप.

२५ मार्च, रविवार

चर्चनंतर तिथल्याच तळघरात कॉफी होती. मिसेस हॉफस्टॅडने लिंबाच्या वड्यांचं ताट आर्डिससमोर धरलं. "घेणार?" आर्डिस म्हणाली, "हो," आणि दोन घेतल्या.

पहिल्याच वेळी. मला कुठे बघावं कळेना. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की आधी म्हणायचं, छे, कशाला. दुसऱ्यांदा म्हणायचं, नको नको, तुम्हालाच राहू द्या. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, अगदी छोटा तुकडा. माझ्या आईने मला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. आर्डिस तर यात माझ्याहून पक्की होती. एकदा तिने चार वेळा नाही म्हटलं आणि तिला वडी मिळालीच नाही. गाडीत तिने ते हसत सांगितलं होतं.

मिसेस हॉफस्टॅड समजून घेईल. आजारपणाने रीतभात जाते. मी तिच्या वतीने माफी मागितली तर आर्डिसने माझ्या पायावर खुर्चीचं चाक नेलं. ते चुकून गेलं असावं.

शब्द: हो. छान. अजून.

२९ मार्च

शेजारीण रमोना बाका आली. गेल्या सप्टेंबरात तिने आमच्या बाजूचं घर घेतलं. दूर दक्षिणेकडच्या न्यू मेक्सिकोची, एकटीच, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. इथला पहिलाच हिवाळा, तर दोन कोट एकावर एक घालून फिरते. हिरव्या मिरचीचं कालवण घेऊन आली होती. लिफ्टचे कागद टेबलावर पडले होते ते तिने बघितले.

"हे घेताय? माझ्या किनाऱ्यावर असलंच एक धूड उभं आहे. आधीच्या मालकाचं. मला बोट नाही, मला पोहताही येत नाही. घेऊन जा."

ती लिफ्ट मला ठाऊक आहे. चार खांबांची, सरळ वर जाणारी, मोठ्या चाकाची. आधीचा मालक बर्नी ज्या वर्षी ती घेऊन आला त्या वर्षी तळावर रोवायला मीच मदत केली होती.

मी म्हणालो, "छे, छे. तुम्हाला कधीतरी लागेल."

"कशाला लागेल? कपडे वाळत घालायला? न्या ती. समोरचं तळं दिसत नाही तिच्यामुळे."

"नको नको. आमचं आम्ही बघतोय काहीतरी."

"बरं," रमोना म्हणाली आणि नळातलं पाणी गोठू नये म्हणून काय करायचं ते विचारायला लागली.

मी नळाचं सांगत होतो आणि वाट बघत होतो. मी मुद्दाम कागद पुढे सरकवले. तिने त्यांच्यावर कालवणाचं भांडं ठेवलं. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही.

आर्डिस चमचा टेबलावर आपटत होती, चेहरा लालबुंद. तिला तिखट सोसत नाही. मी पाणी दिलं तर तिने ते ढकललं.

शब्द: हो. हो. हो. गाढव. (हा शब्द नवा आहे.)

२ एप्रिल

बर्फ किती जाड आहे ते बघण्याच्या निमित्ताने तळ्यावरून रमोनाच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेलो. लिफ्ट पावलांनी मोजली. बरोबर दहा फूट. खांब सरळ आहेत. एक तार गंजली आहे, चारही बदलाव्या लागतील, पण ते शंभर-दीडशेत होईल. मग आमच्या धक्क्याच्या जागी बर्फाला भोक पाडून दोरीला नट बांधून खोली मोजली. साडेचार फूट. पुरे.

येताना तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला, म्हणजे तिला विषय काढायला निमित्त मिळेल. मधे दोनदा टेकावं लागलं, छातीत जरा भरून आलं. हे आर्डिसला सांगितलेलं नाही. रमोना बाहेर आली, म्हणाली, "एल्रॉय, तुम्ही देवमाणूस आहात, पण असं लालभडक होईपर्यंत काम करू नका." मी लिफ्टकडे बघत उभा राहिलो. तीही बघायला लागली. "कसली कुरूप आहे," म्हणाली आणि आत गेली.

मला वाटतं तिचा विचार बदलला. मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा आवाज कोरडा झाला असेल. तिला लागलं असेल.

९ एप्रिल

ग्लेन आला. बोटीवरचं कापड काढलं. ग्लेनने दोन्ही पिंपांवर मूठ मारून बघितली. उजवं घुमतं, डावं मुकं. आत पाणी शिरून गोठलंय. मागचा स्क्रू काढला तर थेंब पडला नाही. बर्फ वितळावा म्हणून खाली दिवा लावून ठेवला आहे.

"किती वर्षं आम्ही हे पाणी तळ्यावर फिरवून आणतोय कोण जाणे," मी म्हणालो.

ग्लेन म्हणाला, "पाण्याला सहल आवडली असेल."

एवढं वजन धरलं असतं तर वेंडेलने मला चार हजार पौंडांची विकली असती. असं आणखी काय काय मला माहीत नाही?

११ एप्रिल

सहा बादल्या पाणी निघालं. स्क्रूपाशी चीर होती, ती ग्लेनने बुजवली.

१४ एप्रिल

पेपरात जाहिरात होती, जुनी लिफ्ट, अठराशे डॉलर. साठ मैल गेलो, आर्डिसला घेऊन. झोक्याचीच निघाली. एक पाय वाकलेला. माणूस म्हणाला, "दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय." पैशाचं पाकीट हातात धरून उभा होतो. बोट दोन-तीन फूट सरकते ते मला माहीत होतं, तरी वाटलं, धक्का सरकवू, काहीही करू, बारा मे जवळ आली.

ट्रकमधून आर्डिस ओरडली, "नाही." सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. तो माणूस मला म्हणाला, "मालकीणबाईंचं मत कळलं."

येताना तिने "रमोना" म्हटलं. चार वेळा.

मी तिला समजावलं. "अगं, तिने दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. आता तिसऱ्यांदा तिने विचारायचं. मी तोंड उघडून मागू कसा? म्हणजे मी ती दोन वेळा खोटं बोललो असं होईल."

आर्डिसने माझ्याकडे बघितलं. एवढं लांब वाक्य मी पुन्हा म्हणून बघितलं तर मलाही ते नीट कळलं नाही. पण हे असंच असतं. ते समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती एवढंच.

शब्द: नाही. रमोना (४). माग.

२१ एप्रिल

आज फार वाईट झालं.

रमोना आली. म्हणाली, "एल्रॉय, एक काम होतं. त्या सांगाड्यासाठी भंगारवाला येतोय. पन्नास डॉलर देतो म्हणाला. रस्त्यावरच्या वजनाच्या पाट्या उतरल्या की त्याचा ट्रक आणील." वसंतात जमीन वितळत असते तेव्हा आमच्या रस्त्यांवर जड ट्रक बंद असतात. "माझ्या अंगणात तो वळत नाही. तुमच्याकडे वळवला तर चालेल?"

मी म्हणालो, "हो, हो. खुशाल. त्यात काय विचारायचं."

माझ्या तोंडातून हेच निघालं. मी वर हेही म्हणालो की चिखल असेल तर मी फळ्या टाकून ठेवीन.

ती गेल्यावर आर्डिसने डाव्या हाताने टेबलावरचा मिठाचा डबा खाली लोटला. मी मीठ भरत होतो तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, मीठच आहे, काही बिघडलं नाही.

शब्द: आज काही नाही.

२७ एप्रिल

बर्फ गेला. सकाळी वारा सुटला आणि सगळा काळा बर्फ पूर्व किनाऱ्याला जाऊन काचा फुटल्यासारखा वाजत ढिगाने चढला. दुपारी पाणी मोकळं. आर्डिसची खुर्ची मी खिडकीकडे वळवली. तिने ती परत फिरवली.

ग्लेनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना? जाऊन माग."

"तू मागशील?"

तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "मी तिला सहज सुचवीन. म्हणजे की तू एके काळी लिफ्टच्या विचारात होतास, असं."

गेला. अर्ध्या तासाने परत आला, हातात मिरचीची बरणी.

"काय म्हणाली?"

"वाऱ्याबद्दल बोललो. मग बर्फाबद्दल. मग मी म्हटलं, बोटी ठेवायच्या म्हणजे लोकांना फार अडचण. ती म्हणाली, असेल. मग मला पुढे काही सुचेना."

"आणि ही बरणी?"

"मी दोनदा नाही म्हणालो, तर ती परत आत ठेवायला निघाली. मग मला हातातून ओढून घ्यावी लागली." ग्लेनचे कान लाल झाले होते. "एल्रॉय, त्या बाईला आपल्यासारखं मोजता येत नाही. नाही म्हटलं की तिला नाहीच वाटतं."

मी यावर बराच विचार केला. म्हणजे २९ मार्चला तिला वाटलं की मला खरंच नको आहे. असं कुणी कसं राहू शकतं? आणि मग मी तिच्या पायऱ्या का साफ केल्या असं तिला वाटलं असेल?

३ मे

रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पाट्या आज उतरवल्या. रमोनाने तिच्या दारातून हाक मारून सांगितलं, उद्या दहाला ट्रक येतोय.

जेवण गेलं नाही. आर्डिसने तिच्या ताटातला बटाटाही तसाच ठेवला. मी म्हटलं, "मी जातो." कुठे ते बोललो नाही. तिने माझी चांगली टोपी दाखवली. मी ती घातली.

वाटेत वाक्य तयार केलं. रमोना, तुम्हाला आठवत असेल, मागे तुम्ही मोठ्या मनाने म्हणाला होतात आणि मी त्या वेळी म्हणालो होतो, ते मला तसं म्हणायचं नव्हतं असं नाही, पण. इथे अडत होतं. तीनदा उलटसुलट करून बघितलं. तिने दार उघडलं तेव्हा पहिला अर्धाही आठवेना.

"छान उघडीप आहे," मी म्हणालो.

"आहे."

"रात्री थंडी पडेल पण."

"एल्रॉय, आर्डिस बरी आहे ना?"

मी नुसता उभा. तोंड उघडं, आत शब्द कुठला नाही. अगदी कोरडं. दीड वर्ष आर्डिसला हे रोज होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. ती काय करते? ती एकच शब्द निवडते आणि सोडते.

"लिफ्ट," मी म्हणालो. "हवी."

"कुणाला?"

"मला. आर्डिससाठी. बोटीवर न्यायचंय."

रमोना दारातच खाली बसली. "अहो, दोनदा दिली होती. दोनदा नाही म्हणालात. मला वाटलं, मी उगाच मागे लागतेय, या लोकांना आवडत नसेल. माझा भाऊ म्हणालाच होता, तिकडे जाऊन आगाऊपणा करू नकोस."

"ते नाही म्हणजे नाही नव्हतं."

"मग काय होतं?"

मी सांगितलं. तिसऱ्यांदाचं सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्या दिवशी केक देऊ केला तेव्हा मिसेस हॉफस्टॅडला तो नको होता असं नाही?"

"तिला फार हवा होता. अजून सांगत असते."

रमोना इतकी हसली की तिला कोटाच्या बाहीने डोळे पुसावे लागले. मी पन्नास डॉलर पुढे केले, भंगारवाल्याचे तिला बुडणार म्हणून. तिने ते घेतले. लगेच, पहिल्यांदाच. बरं वाटलं.

घरी आलो. आर्डिसला म्हटलं, "मिळाली." तिने आपणहून खुर्ची खिडकीकडे वळवली.

४ मे

दहाला ट्रक आला, मी टाकलेल्या फळ्यांवरून. रमोना त्याला म्हणाली, "विचार बदलला. देणार नाही." एवढंच, कारणही सांगितलं नाही. एवढ्या लांबून आलेला माणूस. मी त्याला घरात बोलावून कॉफी दिली आणि आमचा मोडका वॉटर हीटर दिला. तो दोनदा नको म्हणाला. मी तिसऱ्यांदा विचारलं.

८ मे

लिफ्ट आमच्या धक्क्यापाशी आणून बसवली. नव्या तारा ओवायला दोन दिवस गेले. ग्लेन आणि मी छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून पाण्यात, रमोना किनाऱ्यावरून दोर धरून. पाणी इतकं गार की अर्ध्या तासाने पाय आपले वाटत नव्हते. एक खांब दगडावर बसला, सांगाडा तिरका झाला. मी म्हणालो, "संपलं, हिचा पाय वाकणार." ग्लेन म्हणाला, "तू गेली चाळीस वर्षं सगळं संपवतोयस. पहार दे."

दगड निघाला. लिफ्ट सरळ उभी राहिली. पातळी लावून तीन वेळा बघितली.

रिकामी बोट वर घेऊन बघितली. चाक मी फिरवलं. एकशे दहा फेरे. सत्तराव्या फेऱ्याला डोळ्यांपुढे काजवे आले, म्हणून मी तारा तपासायच्या आहेत असं सांगून थांबलो. ग्लेनने तारांकडे बघितलंच नाही, माझ्याकडेच बघत होता. वर खिडकीत आर्डिस होती.

बोटीची फळी आणि धक्का एका रेषेत आले. मधल्या फटीत माझं करंगळीचं टोक जेमतेम जात होतं.

१० मे

ग्लेनच्या नातवाची जड सायकल बोटीत ठेवून, वाळूच्या पिशव्या ठेवून, बोट खाली-वर केली. काही झालं नाही. तरी पिशव्या आणखी दोन वाढवल्या. ग्लेन म्हणाला, "आता आर्डिस चर्चसकट आली तरी चालेल."

आर्डिस दोन दिवस डाव्या हाताने स्वयंपाकघरातल्या पीठ चाळायच्या डब्याची मूठ गोल गोल फिरवत बसली आहे. आत पीठ नाही. कंटाळली असेल.

१२ मे, शनिवार

सकाळी तापमान गोठणबिंदूच्या चारच अंश वर. वाटलं, आज नको म्हणावं. आर्डिस सहा वाजता लोकरी टोपी घालून दाराशी बसली होती.

रमोना आली, तीन कोट. ग्लेन आला. धक्क्यावर आल्यावर आर्डिसने खुर्चीचा हात घट्ट धरला. फटीपाशी आलो. मी थांबलो. मला पुढे जाववेना. तो जुलै सगळा परत आला.

ती म्हणाली, "ढकल."

मी ढकललं. चाकांचा एकदा टक असा आवाज झाला आणि ती आत होती.

ब्रेक लावले. दोन वेळा तपासले. ग्लेनने चाक फिरवून बोट खाली सोडली, अगदी हळू, मी सांगितलं त्याहून हळू. मी सगळा वेळ तिच्या खुर्चीला धरून होतो. बोट पाण्याला लागली तेव्हा नुसतं हुंकार दिल्यासारखं हललं. आर्डिसने डोळे मिटले.

ग्लेन धक्क्यावरच थांबला. आम्ही तिघं तळ्याच्या मध्यापर्यंत गेलो. गळ टाकला. रमोनाने विचारलं, "आता काय करायचं?" मी म्हणालो, "काही नाही." लून पक्ष्यांची जोडी होती, एकाने हाक दिली, दुसऱ्याने तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यातून उत्तर दिलं. रमोना दचकली, तिला वाटलं कुणीतरी बुडतंय. आर्डिस खदखदून हसली. तिचं हसणं झटक्यात गेलेलं नाही, ते मी विसरलोच होतो. दोन तासांत एक वॉलाय मासा मिळाला, तोही लहान, सोडून दिला. थर्मासमधलं जंगली तांदळाचं सूप आम्ही तिघं एकाच झाकणातून प्यायलो. इंजिन बंद केल्यावर पाणी पिंपांना लागत होतं आणि दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येत होता.

परत आलो. बोट सांगाड्यात घातली, ग्लेनने फळी धक्क्याला लागेल इतकी उचलली. आता माणसं बसलेली असताना उचलली ती उचललीच, पाटीवर काहीही असो, मी देवाचं नाव घेतलं. खुर्ची बाहेर आली. मग रिकामी बोट लाटांच्या वर घ्यायची राहिली. ते मी करतो म्हणालो. पंधरा फेऱ्यांत दम लागला. लपवता आला नाही.

रमोना म्हणाली, "एल्रॉय, दुसऱ्या कुणी फिरवलं तर चालेल का?"

मी तोंड उघडलं. छे, छे, हे जिभेवर आलंच होतं.

"हो," मी म्हणालो.

ती पुढे झाली, पण तिच्या आधी आर्डिसने डावा हात लांब केला. ते चाक बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर येतं. हे मला दोन महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं.

"मी," आर्डिस म्हणाली.

मी तिची खुर्ची खांबाला लावली, रमोनाने मागून धरून ठेवली. आर्डिसने चाकाची मूठ पकडली. पहिला फेरा अर्ध्यावर अडला. तिने श्वास घेतला आणि तो पुरा केला. मग दुसरा. दर वेळी मूठ खाली यायची तेव्हा ती सगळ्या अंगाने वाकायची. ग्लेन मोजत होता. तेविसाव्याला ती थांबली, माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो नाही, हात खिशात घातले. ती पुन्हा फिरवायला लागली. बोट वर येत गेली, दोन्ही पिंपांखालून पाणी गळत होतं. चाळिसाव्या फेऱ्याला ती म्हणाली, "बास," आणि मूठ सोडली. बोट पाण्याच्या वर दीड फूट लटकत होती.

बाईंना फोन केला. त्या घरी नव्हत्या. निरोप ठेवला.

आजचे शब्द: ढकल. लून. सूप. अजून. मी. बास.

माझा: हो. पहिल्याच वेळी.